बाणेर ते भिवंडी: लीजवरचं नेटवर्क परत पाठवतानाच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

पुण्यातलं बाणेरचं ऑफिस ३१ जुलैला सोडायचं नक्की झालं. तिन्ही मजल्यांवरचं नेटवर्क लीजवरचं आहे. म्हणजे ते विकायचं नाही, नव्या जागेत न्यायचं नाही. लीज कंपनीच्या भिवंडीच्या गोदामात मुदतीत पोचवायचं. काम माझ्या गळ्यात. मदतीला आमचा इलेक्ट्रिशियन दादा आणि गरज पडेल तेव्हा हाऊसकीपिंगच्या मावशी.

सुरुवातीलाच एक कबुली लिहून ठेवतो. गेल्या वर्षी ४८ पोर्टचा, म्हणजे केबलची ४८ भोकं असलेला, एक नेटवर्क स्विच वॉरंटीत बदलून घ्यायला पाठवला होता. ‘उपकरणाला मार लागलेला आहे, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा घेऊन तो परत आला. खोका बाहेरून ठणठणीत, साधा पोचासुद्धा नाही. आत मात्र पॉवर सप्लाय अर्धा बाहेर सरकलेला आणि पुढची पट्टी तिरकी. खोका मीच भरला होता. बबल रॅपचे दोन वेढे, वर रद्दीचे बोळे आणि बाहेर लाल मार्करने ‘नाजूक सामान’. त्या वेळी कुरियरवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. तो मेलेला स्विच अजून माझ्या टेबलाखाली आहे. या वेळी त्याचा उपयोग करणार.

९ जुलै, मंगळवार

मोजदाद. फायरवॉल २, कोअर (मुख्य) स्विच २, ४८ पोर्टचे पीओई (केबलमधूनच वीजही देणारे) स्विच ११, वायफायचे अॅक्सेस पॉइंट २४. एकूण ३९ उपकरणं. शिवाय एसएफपी (फायबर केबल जोडायचे सुटे मोड्यूल) १६, पॉवर केबल आणि स्विच एकमेकांना जोडायच्या स्टॅक केबल. यूपीएस आमचा स्वतःचा आहे. त्याच्या बॅटऱ्या या गाडीत घालायच्या नाहीत, त्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे वेगळ्या जातील.

सिरियल नंबर दोनदा घेतले: एकदा स्टिकरवरून, एकदा स्विचमध्ये लॉगिन करून. स्टिकरवरून वाचताना आठ आणि बी, शून्य आणि ओ, पाच आणि एस यांची गल्लत होतेच. दोन ठिकाणी झालीही. त्याहून मोठी गोष्ट: चौथ्या मजल्यावरचा एक स्विच लीजच्या यादीत नाहीच. दीड वर्षापूर्वी बदलून आला होता आणि यादीत जुनाच नंबर राहिला. हे गोदामात उघडकीला आलं असतं तर ‘आमचा स्विच कुठाय’ म्हणून बिल आलं असतं. बदलीच्या वेळचा ईमेल शोधून आजच पाठवला, यादी दुरुस्त करून मागितली.

स्टॅक केबल जुळत नाहीत. तीन स्टॅक आहेत, ४, ४ आणि ३ स्विचचे. स्विच गोल जोडून कडं पूर्ण करायला जितके स्विच तितक्या केबल लागतात, म्हणजे ११. हाती १०. तिसऱ्या मजल्यावरचं कडं मुळात पूर्णच नव्हतं म्हणायचं! इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.

११ जुलै, गुरुवार

बोहरी आळी, पुण्यातली घाऊक बाजाराची गल्ली. गाडी लांब लावून चालत गेलो, दुसरा इलाज नाही. यादी: खोकी, फोम, पिशव्या, टेप.

मूळ खोकी जपली असती तर ही फेरी वाचली असती. कंपनीच्या खोक्यातला साचेबंद फोम त्या मॉडेलच्या मापाचा असतो, त्याला तोड नाही. पण दोन दिवाळ्यांपूर्वीच्या साफसफाईत माळा रिकामा झाला आणि खोकी रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून गेली. चारच उरली आहेत, कोअर आणि फायरवॉलची. नशीब की महागातली तीच उरली.

खोकी पाच पदरी घेतली. तीन पदरी आठ किलोला चालेल असं दुकानदार म्हणत होता, पण दिवस आषाढाचे आहेत. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद झपाट्याने उतरते आणि सगळ्यात खालच्या खोक्यावर वरच्या थराचं ओझं तासन् तास असतं.

माप असं काढलं: स्विच साधारण ४४.५ सेंटिमीटर रुंद, ४५ खोल, ४.५ उंच. चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर फोम. म्हणजे आतून ५५ बाय ५५ बाय १५ लागतं. मिळालं ते बाहेरून ६० बाय ६० बाय २०. कुरियरच्या हिशेबात वजन आकारावरून धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५०००, म्हणजे १४.४ किलो. खरं वजन साडेआठ. फोम आणि हवेचं भाडं भरण्यापेक्षा अख्खा पिकअप करणं परवडतं. मॅडमना तसा हिशेब पाठवला, दहा मिनिटांत होकार आला.

अँटिस्टॅटिक म्हणून दुकानदाराने गुलाबी पिशव्या पुढे केल्या. गुलाबी पिशवी स्वतः स्थिर वीज तयार करत नाही, एवढंच. बाहेरून आलेला झटका ती अडवत नाही. त्याला धातूचा थर असलेली चंदेरी पिशवी लागते. उघड्या सर्किटसाठी, मोड्यूलसाठी चंदेरी. पत्र्याच्या बंद पेटीतल्या स्विचला गुलाबी पुरते, त्याला धूळ आणि ओल यांचीच जास्त भीती. दोन्ही घेतल्या. काही जण प्रत्येक गोष्टीला चंदेरी पिशवी लावा म्हणतात. पैसे उडवायचे असतील तर लावा.

निघताना दुकानदाराने फुकटचा सल्ला दिला: “खोका भरला की कानाशी धरून हलवायचा. आत वाजलं तर परत उघडायचा. बाहेर काय लिहिलंय ते हमाल वाचत नाही, साहेब.”

१३ जुलै, शनिवार

आपटण्याचा दिवस. टेबलाखालचा मेलेला स्विच बाहेर काढला.

पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या इस्टा या संस्थेची १ए नावाची चाचणी आहे. त्यात खोका दहा वेळा पाडतात: आधी एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. साडेनऊ किलोपर्यंतच्या खोक्याला उंची ७६ सेंटिमीटर. म्हणजे साधारण कमरेएवढी, जिथून माणसाच्या हातून खोका सुटतो तीच. प्रयोगशाळा नाही, पण फरशी आहे आणि टेप आहे.

पहिला प्रयोग गेल्या वर्षीच्याच पद्धतीने: बबल रॅप आणि रद्दी. कोपऱ्यावर पाडला तेव्हा काही वाटलं नाही. तिसऱ्या कडेला आतून ‘टक’ असा आवाज आला. सहाव्या वेळी स्विच रॅकला बसवायचा पत्र्याचा कान पुठ्ठा फाडून बोटभर बाहेर आला. दादा म्हणाला, “बकऱ्याचं शिंग दिसतंय.” उघडून पाहिलं तर रद्दीचे बोळे चपटे होऊन तळाशी बसलेले, वर चार बोटं मोकळी जागा. दर आपटीला स्विच त्या जागेत धावत होता आणि स्वतःच्याच वजनाने भिंतीवर आदळत होता.

दुसरा प्रयोग: दोन्ही कान काढले, स्क्रूंसकट छोट्या पिशवीत. पॉवर सप्लाय खाचेत नीट बसवून वर पट्टी. स्विच गुलाबी पिशवीत, सहाही बाजूंना ५० मिलिमीटरचा इपीई फोम आणि कोपऱ्यांना फोमचेच एल आकाराचे तुकडे. झाकण बंद करताना फोम किंचित दाबला जायला हवा. दहाच्या दहा आपट्या झाल्या. खोक्याचा एक कोपरा चेपला. आत स्विच होता तिथेच.

फोमबद्दल एक गोष्ट: फार मऊ घेतला तर आठ किलो त्याला तळापर्यंत दाबतात आणि धक्का थेट पोचतो, फार कडक घेतला तर तो लाकडासारखाच. अंगठ्याने जोर लावल्यावर थोडा आत जाऊन लगेच परत येतो तो बरोबर. थर्मोकोल नको. त्याचे दाणे पोर्टमध्ये आणि पंख्यात घुसतात आणि स्थिर वीज धरतात ती वेगळीच.

१६ जुलै, मंगळवार

लोक नव्या जागेत गेले. सगळ्या उपकरणांच्या कॉन्फिगरेशनची प्रत घेतली आणि पुसापुशी सुरू केली. नुसती सुरुवातीची फाईल उडवून भागत नाही. व्हीलॅनची, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या विभागांची, फाईल वेगळी असते, ती तशीच राहते. फायरवॉलमध्ये व्हीपीएनच्या चाव्या, वापरकर्त्यांची नावं. ते तसंच गोदामात पाठवणं म्हणजे घराची किल्ली दाराला लावून गावाला जाणं.

एक घोळ केला. पहिल्या स्विचवर फॅक्टरी रिसेटचा ‘सगळं’ हा पर्याय दिला. त्याने खरंच सगळं पुसलं, चालू होण्याची सिस्टिम फाईलसुद्धा. स्विच बूटलोडरवर, म्हणजे सिस्टिम चढण्याआधीच्या पायरीवर, येऊन थांबला. यूएसबीवरून परत फाईल चढवण्यात दीड तास गेला. उरलेल्या दहांना बेतानेच.

अॅक्सेस पॉइंट क्लाउडच्या डॅशबोर्डवर आमच्या खात्याला बांधलेले आहेत. तिथून मोकळे केले नाहीत तर पुढचा माणूस ते चालू करूच शकत नाही, आणि मग फोन मलाच. २४ च्या २४ काढले, पडद्याचा फोटो ठेवला.

१७ जुलै, बुधवार

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी. इमारतीत चिटपाखरू नाही, वीज बंद करायला याहून चांगला दिवस नाही. दादाचा उपास, माझा अर्धा. साबुदाण्याची खिचडी सर्व्हर रूमच्या दारात बसून खाल्ली.

स्विच काढताना एकाने खालून दोन्ही हात देऊन धरायचा, दुसऱ्याने स्क्रू. एकट्याने केलं की शेवटच्या स्क्रूला स्विच एका कानावर लोंबकळतो आणि कान वाकतो. केज नट (रॅकच्या चौकोनी भोकांत बसणारे) काढताना माझं बोट कापलं. दर वेळी कापतं. ते हत्यार वीस वर्षांत कुणी नीट का बनवलं नाही, देव जाणे.

५२८ पोर्ट टॉर्च लावून पाहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्विचच्या १७ नंबर पोर्टची एक पिन वाकलेली. फोटो काढून आजच लीज कंपनीला कळवलं. दादा म्हणाला, कशाला सांगता, त्यांना दिसलं तर दिसलं. पण निघण्याआधी सांगितलेला दोष एका पोर्टचा राहतो. तिकडे सापडला तर बाकीच्या ३८ उपकरणांकडे बघायची नजर बदलते.

१८ जुलै, गुरुवार

आज घाई नडली असती. सर्व्हर रूमचा एसी रात्रभर चालूच राहिला होता, आत १८ अंश. सकाळी पहिला कोअर स्विच उचलून हॉलमध्ये आणला आणि पिशवी उघडेपर्यंत झाकणावर वाफ धरली. बोटाने रेघ ओढली तर उमटली, खाली थेंब. हॉलमध्ये एसी बंद, खिडकीबाहेर धो धो. थंड ताकाच्या पेल्याला घाम फुटतो तसा पत्र्याला फुटला होता. बाहेर दिसतंय ते पेटीच्या आतही, आणि तो तसाच पिशवीत भरला असता तर पाणी आतच कोंडलं असतं.

एसी बंद केला, सर्व्हर रूमचं दार उघडून ठेवलं, सगळं टेबलांवर मांडलं आणि संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावला नाही. मावशींनी प्रेमाने ओलं फडकं आणलं होतं. “सर, केवढी धूळ आहे, पुसून देते ना.” त्यांना कोरडा ब्रश दिला. माझ्यापेक्षा छान झाडलं त्यांनी, पंख्याच्या जाळीत अडकलेला मऊ गोळासुद्धा काढला.

१९ जुलै, शुक्रवार

खोक्यांचं काही काम झालं नाही. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने जगभरचे संगणक निळ्या पडद्यावर आले. नव्या ऑफिसात रात्री दहापर्यंत एकेक लॅपटॉप सेफ मोडमध्ये.

२० जुलै, शनिवार

भरणी. मनगटाला स्थिर वीज उतरवून टाकणारा पट्टा लावून बसलो. दादा हसतो, पण माणसाला जाणवायला साधारण ३००० व्होल्टचा झटका लागतो आणि काही भाग १०० व्होल्टच्या आतही दुखावतात. म्हणजे काही कळायच्या आत नुकसान होऊन गेलेलं असतं.

प्रत्येक खोक्याचे फोटो ठरलेल्या क्रमाने: सिरियल नंबर, पोर्टची बाजू, मागची बाजू, फोममध्ये बसवलेला, बंद खोका. पहिल्या फोटोत खोक्याचा नंबर लिहिलेला कागद शेजारी ठेवायचा, नाहीतर पाचव्या खोक्यानंतर कुठला फोटो कुणाचा ते कळत नाही. पिशवीत सिलिका जेलची पुडी, नारंगी दाण्यांची. ओल शोषली की हिरवी होते. टेप एच आकारात, मधली फट आणि दोन्ही कडा. शेवटी कानाशी धरून हलवायचा.

सातवा खोका वाजला. उघडला. कानांची पिशवी फोमच्या बाहेर राहिली होती आणि तिच्यातले आठ स्क्रू खुळखुळत होते. पिशवी फोमला खाच पाडून आत बसवली.

सगळे स्विच आणि फायरवॉल मिळून १५ खोकी झाली.

२३ जुलै, मंगळवार

एसएफपी. स्विचमध्येच राहू द्या असं बरेच जण म्हणतात. मी काढतो. बाहेर डोकावणारा भाग आधी मार खातो, आणि मोजणीला सुटे बरे. प्रत्येकाला रबरी टोपी, मग कप्प्यांची प्लास्टिक डबी, मग चंदेरी पिशवी. आमच्या फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा, केसाहून बारीक. टोपीशिवाय खिशात टाकलेल्या एसएफपीवर खिशातल्या धाग्याचा एक तंतू बसला तरी पुरे.

अॅक्सेस पॉइंट सहा-सहाचे चार खोके, मध्ये फोमच्या उभ्या पट्ट्या, आंब्याच्या पेटीसारखे उभे लावून. छतावरच्या पट्ट्या वेगळ्या. सुट्या वस्तूंचा आणखी एक खोका. एकूण २०.

२४ जुलै, बुधवार

कागद. ही विक्री नाही, म्हणून बीजक नाही. डिलिव्हरी चलन तीन प्रतींत: मूळ माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याला. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर किंमत, म्हणजे ई-वे बिल (मालवाहतुकीची सरकारी ऑनलाइन नोंद) हवंच. गाडी उद्या सकाळी सहाला, म्हणून संध्याकाळीच गाडीचा नंबर टाकून बिल काढून ठेवलं.

फायरवॉलच्या दोन खोक्यांना कलंडल्यावर लाल होणारे स्टिकर लावले. बाकीच्यांना नाही. सगळ्यांना लावले की कुणी बघत नाही.

इमारतीच्या व्यवस्थापकांचा आग्रह होता की खोकी रात्रीच खाली लोडिंग बेमध्ये आणून ठेवावी, सकाळी लिफ्ट अडू नये म्हणून. नाही म्हटलं. थोडी बोलाचाली झाली.

२५ जुलै, गुरुवार

पहाटेपासून फोन. खडकवासल्यातून रात्री ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी, शाळा बंद. दादा त्याच बाजूला राहतो. त्याचं घर वरच्या मजल्यावर आहे, पण गाडी गेली. दुपारी त्याचा आवाज ऐकेपर्यंत खोक्यांचा विचारही आला नाही.

गाडी अर्थातच आली नाही. दुपारी सुरक्षारक्षकाने लोडिंग बेचा फोटो पाठवला: घोट्याएवढं गढूळ पाणी, त्यात एक चप्पल तरंगतेय. व्यवस्थापकांनी रात्रीच्या बोलाचालीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

ई-वे बिल: दोनशे किलोमीटरला एकच दिवस मिळतो, आणि रद्द करायचं तर काढल्यापासून २४ तासांत. संध्याकाळी पाचच्या आत रद्द केलं.

२९ जुलै, सोमवार

गाडी आली, बंद बॉडीचा पिकअप. आधी आत चढून टॉर्चने छत पाहिलं. एका जोडाशी उजेडाचा ठिपका दिसला. चालकदादांनी वरून ताडपत्री ओढली. खाली लाकडी फळ्या, म्हणजे तळाशी पाणी आलं तरी खोकी कोरडी.

रचताना वाद. दादाला विटांसारखी सांध्यावर सांधा चुकवून रचायची होती, भिंत तशी पक्की होते म्हणून. खोक्याचं तसं नसतं. पुठ्ठ्याचा जोर त्याच्या चार कोपऱ्यांत असतो. कोपऱ्यावर कोपरा आला तरच वजन नीट खाली उतरतं. सरळ रचली, स्ट्रेच फिल्म गुंडाळली, पट्ट्याने आवळली. भिंतीशी उरलेल्या फटीत जुन्या ऑफिसच्या खुर्च्यांच्या गाद्या कोंबल्या. फोमचे पैसे वाचले.

नवं ई-वे बिल, नवा गाडी नंबर. सव्वाआठला निघाली. बोरघाटात धुकं होतं, खोपोलीला चहा झाला, कल्याण फाट्याला दीड तास अडकली. हे सगळं चालकदादा फोनवर स्वतःहून कळवत होते. पावणेतीनला गोदामात पोच.

३० जुलै, मंगळवार

तपासणीला स्वतः गेलो. एका फायरवॉलच्या खोक्यावरचं स्टिकर लाल. पोटात गोळा. पावतीवर आधी तसं लिहून घेतलं, मग त्यांच्यासमोर उघडला. मूळ खोका, मूळ फोम, फायरवॉल जागची हललेली नाही. चालू करून दाखवली, दिवे हिरवे.

त्यांच्या माणसाने पाचवा खोका उचलला, कानाशी नेला आणि हलवला. मला हसू आलं. ‘काय झालं?’ म्हणाला. ‘काही नाही, बोहरी आळी,’ म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

३९ पैकी ३९ स्वीकारले. १७ नंबर पोर्टची नोंद ‘आधी कळवलेलं’ म्हणून. कमी: स्टॅक केबल १.

३१ जुलै, बुधवार

किल्ली द्यायच्या आधी टेबलांचे खण रिकामे करत होतो. माझ्याच खालच्या खणात, जुन्या डायऱ्यांच्या मागे, अर्ध्या मीटरची स्टॅक केबल. रबरबँड लावून, वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी: ‘तिसरा मजला, लावायची आहे.’

छोट्या खोक्यात भरली. हलवून पाहिली. उद्या कुरियरने जाईल.